स्थानिक किमतीवरून ‘राउंडिंग’ शिकवणारा एक संच : दोन महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकमध्ये मी घरी तिसरी ते पाचवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. सध्या आठ मुले येतात. त्यांतली पाच मराठी माध्यमाची आणि तीन सेमी इंग्रजीची आहेत. यंदा शाळा सुरू झाल्यावर शालिमार भागातील एका दुकानातून मी स्थानिक किंमत (म्हणजे संख्येतल्या अंकाला त्याच्या जागेमुळे मिळणारी किंमत) आणि राउंडिंग शिकवण्यासाठी तयार केलेला एक संच आणला. खोक्यावर १,४५० रुपये ही किंमत छापलेली होती. दुकानदार म्हणाले, “ताई, राउंड फिगर चौदाशे द्या.” पैसे मोजताना माझ्या मनात आले की जे शिकवण्यासाठी आपण हा संच नेत आहोत, त्याच्या नियमाप्रमाणे हे उत्तर चूक आहे, कारण १,४५० ही संख्या जवळच्या शंभरात मांडायची झाल्यास १,५०० लिहावे लागते. अर्थात ही चूक मी त्यांच्या लक्षात आणून दिली नाही.

उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही. याच घाटणीचे संच बाजारात आणखीही आहेत, आणि ज्यांना असा एखादा संच घ्यायचा आहे त्यांना नावापेक्षा आत काय असावे आणि काय नसावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे असे मला वाटते. माझ्याकडच्या खोक्यात शंभर सुटे एकक ठोकळे, वीस दशक कांड्या, दहा शतक पाट्या, हजाराचा एक मोठा ठोकळा, १ पासून ९०,००० पर्यंतचे बाणपत्ते, एक ‘खिडकी’, एक मीटर लांबीची घडीची संख्यापट्टी, स्थानांचा तक्ता, चाळीस सरावपत्ते, एक नियमपत्ता आणि शिक्षकांसाठी चोवीस पानांची पुस्तिका एवढे साहित्य निघाले. दोन महिने हे सगळे मुलांच्या हातात होते. त्यातली दोन साधने मला फार आवडली, एक मी कपाटात ठेवून दिले आणि पुस्तिका वाचून तर हसावे की रागवावे हे कळेना.

आधी विषय नेमका काय आहे ते सांगते. दुकानात, घरात आणि शाळेतसुद्धा सगळे जण ‘राउंड करणे’ म्हणतात. पुस्तिकेत त्यासाठी ‘पूर्णांकन’ हा शब्द वापरला आहे. तो चुकीचा नाही, पण मोठ्या वर्गात मुलांना ‘पूर्णांक संख्या’ भेटतात तेव्हा या दोन शब्दांची गल्लत होते, म्हणून मी ‘जवळच्या दहात मांडणे’, ‘जवळच्या शंभरात मांडणे’ असेच म्हणते. या शब्दांत ‘जवळ’ आहे, आणि खरा मुद्दाही तोच आहे. दिलेली संख्या दोन पूर्ण दशकांच्या, शतकांच्या किंवा हजारांच्या मध्ये कोठेतरी उभी असते, आणि त्या दोन शेजाऱ्यांपैकी कोणता जवळचा हे ठरवायचे असते. बहुतेक मुलांना मात्र हे असे शिकवलेच जात नाही. त्यांना ‘पाच किंवा पाचाहून मोठा असेल तर शेजाऱ्याला एक द्या, नाहीतर काही देऊ नका’ एवढे पाठ करून घेतले जाते, आणि परीक्षेत दोन गुण मिळेपर्यंत ते पुरते.

संचातले माझे सर्वांत आवडते साधन म्हणजे बाणपत्ते आणि त्यांच्यावरची खिडकी. ३०० चा लांब पत्ता, त्यावर ४० चा, त्यावर ७ चा असे उजव्या टोकाला जुळवून ठेवले की ३४७ दिसते, आणि पत्ते सुटे केले की ३०० अधिक ४० अधिक ७ हे विस्तारित रूप समोर येते. हे पत्ते आता पुष्कळ शाळांत असतात. नवे काही असेल तर ती खिडकी : पुठ्ठ्याची एक चौकट, जिच्यातली पट्टी सरकवली की उजवीकडची स्थाने झाकली जातात. पहिल्या दिवशी मी ३४७ मांडून विचारले, “यात दशक किती?” आठही मुले म्हणाली, “चार.” मग एककाचे घर झाकले. खिडकीत ३४ उरले. चौथीतली एक मुलगी बराच वेळ त्याकडे पाहत राहिली, मग तिने दशक कांड्यांकडे हात नेला आणि तीन शतक पाट्यांच्या बदल्यात तीस कांड्या हव्यात, पण खोक्यात वीसच आहेत अशी तक्रार केली. तिची तक्रार अगदी रास्त होती. दशकस्थानी ४ आहे हे खरे, पण ३४७ मध्ये एकूण दशक ३४ आहेत, आणि हा फरक तिला कोणी सांगण्याआधीच दिसला होता.

राउंडिंगच्या दृष्टीने या फरकाला फार महत्त्व आहे. एकूण दशक ३४ आहेत हे एकदा कळले की शेजारी आपोआप सापडतात : एकीकडे ३४ दशक म्हणजे ३४०, दुसरीकडे ३५ दशक म्हणजे ३५०. खिडकी आणखी एक घर सरकवली की ३ शतक उरतात, म्हणजे शेजारी ३०० आणि ४००. ज्या मुलांना दशकस्थानचा अंक आणि एकूण दशक यांतला भेद कळत नाही, ती ३,९९६ सारख्या संख्येपाशी हमखास अडतात. मागच्या वर्षी एका मुलाने या संख्येचे जवळच्या दहात ३९,१०० असे उत्तर लिहिले होते. त्याने नियम तंतोतंत पाळला होता : ६ आहे म्हणून शेजारच्या ९ ला एक दिला, ९ चे १० झाले, ते तसेच लिहिले आणि पुढे शून्य ठेवले. बेरजेत हातचा घेणारा हाच मुलगा येथे हातचा विसरला, कारण आपण बेरीज करत आहोत हे त्याला जाणवलेच नव्हते. यंदा मी खिडकीतून ३९९ दाखवले आणि विचारले की ३९९ दशकांनंतर किती दशक येतात. “चारशे,” असे उत्तर लगेच आले, आणि चारशे दशक म्हणजे ४,००० हे पाटीवर लिहायला एक मिनिटही लागले नाही. केवळ या खिडकीसाठी संच घ्यावा असे मी म्हणणार नाही, कारण ती जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची घरीही बनवता येते, पण ती कल्पना संचात आहे याचे श्रेय द्यायलाच हवे.

दुसरे चांगले साधन म्हणजे संख्यापट्टी. तिच्यावर दहा सारखे भाग पाडलेले आहेत, आकडे मात्र नाहीत. दोन्ही टोकांना आणि मध्यभागी छोटे पत्ते अडकवण्याच्या खाचा आहेत, आणि पट्टीवरून सरकणारा एक लाल बाण आहे. टोकांना ३४० आणि ३५० लावले तर मध्यावर ३४५ येते आणि ३४७ चा बाण मध्याच्या उजवीकडे जातो. आता बाण काढायचा, टोकांचे पत्ते बदलून ३०० आणि ४०० लावायचे, मध्यावर ३५० ठेवायचे, आणि मुलांनाच पुन्हा ३४७ दाखवायला सांगायचे. बाण या वेळी मध्याच्या किंचित डावीकडे येतो. म्हणजे ३४७ जवळच्या दहात ३५० आणि जवळच्या शंभरात ३००. संख्या तीच, शेजारी बदलले. टोकांना ० आणि १,००० लावून हाच प्रश्न विचारला तेव्हा एक मुलगा म्हणाला, “काकू, मग तीनशे सत्तेचाळीस रुपयांचे शून्य रुपये झाले?” झाले, आणि त्याला ते मुळीच पटले नाही. तिसरीतल्या मुलाला ते पटू नये हे मला तरी ठीकच वाटते. मी त्याला फक्त बाण कोणत्या टोकाच्या जवळ आहे ते बोटांनी मोजायला लावले. सरावपत्त्यांमध्ये मात्र उत्तर शून्य येईल असा एकही प्रश्न नाही. उत्पादकाने अशी उदाहरणे जाणूनबुजून टाळली असावीत.

आता नियमपत्त्याकडे येते. हा रंगीत पत्ता संचातले सर्वांत देखणे साधन आहे. त्यावर एक डोंगर काढला आहे. चढावर १ ते ४ हे अंक, माथ्यावर ५, उतारावर ६ ते ९, आणि चेंडू माथ्यापर्यंत पोहोचला तर पलीकडे घरंगळतो, नाहीतर मागे येतो. चित्र छान आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘शेवटचा अंक ५ किंवा त्याहून मोठा असेल तर डावीकडच्या अंकात १ मिळवा.’ गोंधळ या ‘शेवटचा अंक’ शब्दांतच आहे. जवळच्या दहात मांडताना हे चालते, कारण तेव्हा पाहायचा अंक एककाचाच असतो. पण जवळच्या शंभरात मांडताना दशकस्थानचा अंक पाहावा लागतो, आणि जवळच्या हजारात मांडताना शतकस्थानचा. पत्त्यावरचा नियम जसाच्या तसा लावून माझ्याकडच्या दोन मुलांनी ३४७ चे जवळच्या शंभरात ४०० लिहिले, कारण शेवटचा अंक ७ होता. आदल्याच दिवशी पट्टीवर बाण सरकवून त्याच मुलांनी ३०० हे उत्तर काढले होते. डोळ्यांनी पाहिलेले छापील अक्षरापुढे कसे फिके पडते याचा मला तेव्हा अनुभव आला, आणि तो पत्ता मी कपाटात ठेवून दिला. आठवड्याभराने मुलांकडूनच नियम काढून घेतला. त्यांनी तो असा सांगितला : ‘ज्या घरापर्यंत मांडायचे त्याच्या उजवीकडचे पहिलेच घर बघायचे.’ हे वाक्य छापले असते तर पत्त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

याहून मोठा दोष सरावपत्त्यांच्या एका मालिकेत आहे. तिसाव्या पत्त्यानंतर संख्येसमोर तीन चौकटी येतात : आधी जवळच्या दहात, मग त्या उत्तरावरून जवळच्या शंभरात, मग त्यावरून जवळच्या हजारात. पायरीपायरीने जाणे दिसायला सोपे आहे, पण उत्तरे चुकतात. हे दाखवण्यासाठी मी कळसूबाईची उंची घेतली, कारण माझ्याकडची तीन मुले गेल्या हिवाळ्यात बारी गावातून शिखरावर जाऊन आली होती आणि १,६४६ मीटर हा आकडा त्यांना तोंडपाठ होता. पत्त्याच्या पद्धतीने १,६४६ चे आधी १,६५० होतात आणि मग १,६५० चे १,७००. सरळ पाहिले तर १,६४६ पासून १,६०० हे ४६ मीटरवर आहेत आणि १,७०० हे ५४ मीटरवर, म्हणजे बरोबर उत्तर १,६०० आहे. जी संख्या मुळात मध्याच्या अलीकडे होती ती पहिल्या पायरीवर बरोबर मध्यावर नेऊन ठेवली गेली, आणि दुसऱ्या पायरीने तिला पलीकडे ढकलले. प्रत्येक वेळी मूळ संख्येपासूनच सुरुवात करायची असते हे ज्या साहित्याने शिकवायचे, तेच त्याच्या उलट सवय लावते. हे दहा पत्ते वापरू नयेत असे मी स्पष्टपणे सांगेन. किंबहुना चौथी-पाचवीच्या मुलांना ते ‘चूक शोधा’ म्हणून द्यावेत. माझ्याकडे त्यांचा तसा उपयोग झाला आणि मुलांना छापील चूक सापडल्याचा आनंद अजून पुरतो आहे.

पुस्तिकेबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ती मराठीत आहे, पण मूळ मराठीत लिहिलेली नाही हे दुसऱ्या पानावरच कळते. तेथे म्हटले आहे की ‘सदुसष्ट’ हा शब्द उच्चारताना आधी साठ ऐकू येतात, त्यामुळे दशकस्थान मुलांच्या लक्षात येते. इंग्रजीत ते खरे आहे. मराठीत ‘सदुसष्ट’ म्हणताना आधी सात ऐकू येतात आणि साठ नंतर. म्हणूनच तर त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारी मुले दरवर्षी प्रत्येक वर्गात असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा सुट्या वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता, आणि गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना त्यामागची अडचण पुनःपुन्हा समजावून सांगावी लागली होती. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. मराठी मुलांसाठी स्थानिक किमतीचे साहित्य करणाऱ्याला ही अडचण ठाऊकच नसावी, हे मात्र मला चालत नाही.

आणि अडचणीच्या जोडीला आपल्या भाषेत एक सोयही आहे, तिच्याकडेही पुस्तिकेचे लक्ष गेलेले नाही. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद : या प्रत्येक शब्दाचा अर्थच ‘पुढच्या दशकाला एक कमी’ असा आहे. नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही. ४९ जवळच्या दहात मांडा असे सांगितले तर उत्तर संख्येच्या नावातच दिलेले आहे. मी मुलांना विचारले, “एकोणपन्नासला एकोणपन्नास का म्हणतात?” कोणालाच सांगता आले नाही. मग पट्टीवर ४० आणि ५० लावले, बाण ४९ वर नेला, आणि ‘ऊन म्हणजे कमी’ एवढेच सांगितले. तिसरीतली एक मुलगी लगेच म्हणाली, “मग अठ्ठेचाळीसला दोनोणपन्नास म्हणायला पाहिजे.” पुढचा सगळा तास मुलांनी तीनोणसाठ, चारोणसत्तर अशा संख्या बनवण्यात घालवला, आणि ‘पाचोण’ आल्यावर वर्गात आपोआप वाद सुरू झाला की पंचेचाळीसला पाचोणपन्नास म्हणायचे की चाळीसवरपाच. मला बरोबर तेथेच त्यांना आणायचे होते. हा तास त्या पुस्तिकेत असायला हवा होता.

बाजारातली मराठी तर दहाच्या पटींवरही थांबत नाही. एका तासाला मी १७८ ही संख्या देऊन ‘जवळची राउंड संख्या सांगा’ असे सैलपणे विचारले, तेव्हा भाजीचा गाळा चालवणाऱ्या घरातला एक मुलगा म्हणाला, “पावणेदोनशे.” सरावपत्त्यावर १८० हे उत्तर छापलेले होते. दोघांच्या अंतराकडे पाहिले तर १७८ पासून १८० दोनवर आहेत आणि १७५ तीनवर, म्हणजे तो फारसा चुकलाही नव्हता. बाजारात तर कोणीही त्याला चूक म्हणाले नसते. क्विंटलचा भाव १,६४५ निघाला तर शेतकरी घरी ‘साडेसोळाशे’ सांगतो, म्हणजे तो जवळच्या पन्नासात बोलतो. सव्वा, साडे, पावणे ही आपली पूर्वापार राउंडिंगची भाषा पावाच्या आणि अर्ध्याच्या हिशेबाने चालते. मी त्या मुलाला चूक म्हटले नाही. पट्टीच्या टोकांना १०० आणि २०० लावून तिच्यावर सव्वाशे, दीडशे आणि पावणेदोनशे कोठे येतात ते त्यालाच दाखवायला सांगितले. त्याने तिन्ही जागा एका दमात दाखवल्या. मग ‘जवळच्या दहात’ असे नेमके विचारले की १८० आणि ‘जवळच्या पावात’ विचारले की १७५, हे बाकीच्यांनाही मान्य झाले. प्रश्नात ‘कशाच्या जवळ’ हे सांगणे किती आवश्यक आहे, हे चाळीस सरावपत्त्यांपेक्षा त्या एका उत्तराने अधिक कळले.

मध्यावरच्या संख्येचा प्रश्न मुले विचारतातच : ४५ दोन्हीकडून सारख्याच अंतरावर असताना पुढेच का जायचे? पुस्तिकेचे उत्तर ‘तसा नियम आहे’ एवढेच आहे. ते खोटे नाही, कारण हा संकेतच आहे, पण त्या संकेतामागची सोय स्थानिक किमतीने चांगली समजावता येते. ४,५१२ जवळच्या हजारात मांडायचे असतील तर मध्य ४,५०० आहे. शतकस्थानी ५ दिसताच संख्या मध्यावर आहे किंवा मध्याच्या पुढे आहे, एवढे नक्की कळते. मध्यालाही पुढे ढकलायचे ठरवले की उरलेले दोन अंक पाहण्याची गरजच पडत नाही. उलट मध्य मागे न्यायचा असे ठरवले असते तर ४,५०० मागे आणि ४,५०१ पुढे, म्हणजे प्रत्येक वेळी शेवटच्या अंकापर्यंत वाचत जावे लागले असते. १९६१ च्या आयकर कायद्यातील २८८अ कलमानेही एकूण उत्पन्न जवळच्या दहा रुपयांत मांडताना पाच किंवा अधिक असतील तर वर जायचे असेच ठरवून दिले. दुसरा संकेतही जगात चालतो : पायथन या संगणकभाषेत २५ जवळच्या दहात मांडायला सांगितले तर २० मिळतात आणि ३५ चे ४०, कारण ती भाषा मध्यावरची संख्या ज्या शेजाऱ्यात एकूण दशक सम असतात (२०, ४०) त्याच्याकडे नेते. एका मुलीच्या अकरावीतल्या भावाने हे फोनवर करून दाखवले तेव्हा मुलांना संगणक चुकला याचा इतका आनंद झाला की तो चुकलेला नाही हे समजावण्यात माझी पंधरा मिनिटे गेली.

ठोकळ्यांबद्दल थोडक्यात सांगते. रंग पक्के आहेत, कडा गुळगुळीत आहेत आणि एकक ठोकळा बरोबर एक सेंटिमीटरचा आहे. शतक पाट्या मात्र नऊ मिलिमीटर जाडीच्या आहेत, त्यामुळे दहा पाट्यांची चवड हजाराच्या ठोकळ्यापेक्षा एक सेंटिमीटर बुटकी राहते. दहा शतक म्हणजे एक हजार हे दाखवण्यासाठी मी चवड ठोकळ्याशेजारी उभी केली, आणि पाचवीतल्या मुलाने शांतपणे सांगितले की हजारात दहापेक्षा जास्त शतक बसतात. मोजपट्टी लावून त्याने अकरा पाट्यांची उंचीही काढली. असल्या वस्तूंमध्ये माप हाच तर धडा असतो. तेथे एका मिलिमीटरची काटकसर करायला नको होती.

तक्त्याची मराठी बाजू ‘ए, द, श, ह, दह, ल’ अशी शाळेतल्यासारखीच आहे, पण नमुन्यादाखल छापलेल्या संख्येत स्वल्पविराम १००,००० असा दिला आहे. आपल्याकडे तो १,००,००० असा लागतो. लहान बाब वाटेल, पण मोठी संख्या मांडताना मुले स्वल्पविरामाच्या आधारानेच लाख आणि कोटीची घरे ओळखतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. ती जवळच्या लाखात ११ कोटी २४ लाख आणि जवळच्या कोटीत ११ कोटी होते, हे मी पाचवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतले, कारण हा तक्ता लाखापाशीच संपतो.

सरावपत्त्यांत आणखी एक उणीव आहे. संख्या राउंड करा असे प्रत्येक पत्ता सांगतो. केव्हा करावी आणि केव्हा करू नये, हे एकही सांगत नाही. ४८, १३२ आणि ६७ रुपयांच्या तीन वस्तूंसाठी अडीचशे रुपये पुरतील का, असा प्रश्न मी स्वतः घातला. मुलांनी ५०, १३० आणि ७० असे करून बरोबर २५० आणले, मग खरी बेरीज २४७ येते हे पाहून त्यांना समाधान वाटले. पण ६३ मुले सहलीला न्यायची आहेत आणि एका गाडीत २० जण बसतात, तेव्हा ६३ चे ६० करून तीन गाड्या बोलावल्या तर तीन मुले नाशिकलाच राहतील. याउलट, शेवटी शून्ये असलेला आकडा नेहमी अंदाजेच असतो असे मुलांना वाटू लागते. त्यासाठी मी एव्हरेस्टची गोष्ट सांगते. १८५६ साली जाहीर झालेली उंची २९,००२ फूट होती, आणि मोजणीचे उत्तर नेमके २९,००० आले असता ते लोकांना अंदाजे वाटेल म्हणून वर दोन फूट जोडले, असे सांगतात. “मग ते दोन फूट खोटे?” हा प्रश्न दर वर्षी येतो.

संच घ्यावा का? तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवणाऱ्या आणि खिडकी-पट्टी स्वतः बनवायला वेळ नसलेल्या व्यक्तीने चौदाशे रुपयांत घ्यायला हरकत नाही. एकाच मुलासाठी घरी घेत असाल तर मात्र बाणपत्ते, मीटरभर कागदी पट्टी आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे एवढ्यावर काम भागते. दहापेक्षा अधिक मुलांच्या वर्गाला एक संच पुरणार नाही, कारण पट्टी एकच आहे आणि बाण सरकवण्यासाठी भांडणे होतात. पट्टीवर मार्करने लिहिलेले कोरड्या फडक्याने पुसले जात नाही, किंचित ओले फडके लागते, आणि तिसऱ्या आठवड्यातच मधल्या घडीपाशी वरचा चकचकीत थर सुटू लागला; तेथे मी पारदर्शक टेप लावली आहे. बाणपत्त्यांतला ८०० चा पत्ता माझ्याकडे पहिल्या दिवसापासूनच नव्हता. दुकानदारांनी दुसऱ्या खोक्यातून काढून देण्याची तयारी दाखवली, पण मग त्या खोक्यातला पत्ता कमी झाला असता, म्हणून मी तो जाड कागदावर घरीच करून घेतला. रंग थोडा वेगळा आहे, आणि ८०० च्या वरची संख्या आली की मुले तो आधी मागतात.